सांता मोनिकाचे छप्पर

गेल्या पौषात आमच्या वाचनालयाच्या कर्मचाऱ्यांची आणि कार्यकारिणीची एकत्र सहल जुन्या गोव्यास गेली. बेळगावकरांना गोवा नवा नाही. चोर्ला घाट उतरला, साखळी मागे पडली की दोन-अडीच तासांत माणूस मांडवीकाठी पोहोचतो. तरुण मंडळींचा ओढा अर्थात समुद्राकडे होता. परंतु आमच्या ग्रंथपाल बाईंनी आरंभीच बजावले होते, "सकाळी सांता मोनिका, मग कुठे जायचे तिथे जा." बाईंसमोर कोषाध्यक्षांचेही फारसे चालत नाही, तेथे इतरांची काय कथा!

सहलीला थोडी पार्श्वभूमी होती, ती सांगणे भाग आहे. आमचे वाचनालय शहापुरातील एका जुन्या वाड्यात आहे. वाडा एका कुटुंबाने पूर्वीच संस्थेस दिलेला. सागवानी खांब, मधला चौक, वर कौले, आणि पावसाळ्यात संदर्भ विभागात मांडलेल्या बादल्या. वाडा पाडून खाली गाळे, वर सभागृह आणि त्याही वर वाचनालय करावे, असा प्रस्ताव दोन वर्षे कार्यकारिणीपुढे आहे. त्यावरून जुने स्नेही एकमेकांशी बोलेनासे झाले. बाईंनी सहलीचे ठिकाण निवडताना हे मनात धरले नसेल, असे आम्हांस वाटत नाही.

जुन्या गोव्यात मोठ्या चर्चांच्या पश्चिमेस एक टेकडी आहे. पोर्तुगीज तिला मोंते सांतो, म्हणजे पवित्र टेकडी, म्हणत. तिच्यावर रस्त्याच्या एका अंगास सेंट ऑगस्टिन चर्चचा भग्न मनोरा आणि दुसऱ्या अंगास सांता मोनिकाचा तीनमजली मठ. दोन्ही ऑगस्टिनी पंथाचेच, एक पुरुषांचा व दुसरा स्त्रियांचा. दगडही तोच, आपल्या परिचयाचा जांभा. जांभा खाणीतून निघताना मऊ असतो, हवा लागली की कठीण होतो. पण पाणी मात्र जन्मभर पितो. त्यावर चुन्याचा गिलावा हवा, तो वेळोवेळी नवा करायला हवा, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वर छप्पर हवे. गोव्यात पावसाळ्याच्या तोंडी मातीच्या भिंतींना झावळ्यांची झापे बांधीत, ती याच धाकाने.

मठाचे काम १६०६ साली आर्चबिशप आलेइशो द मेनेझेस यांच्या काळात सुरू झाले आणि १६२७ साली संपले. १६३६ मध्ये आगीत मोठा भाग जळाला, पण वर्षभरातच तो पुन्हा उभारला गेला. इतकी त्वरा परवडावी अशी मठाची सांपत्तिक स्थिती होती. मुली मठात प्रवेश करताना हुंडा आणीत आणि तो मठाकडे जमा होई. धनिक घराण्यांची मालमत्ता अशी मठात जाते, याबद्दल गोव्याच्या नगरसभेने थेट पोर्तुगालच्या राजाकडे गाऱ्हाणी केली. देवाची वधू होण्यासही हुंडा चुकत नव्हता, हे ऐकून आमच्यातल्या एका लेखनिक ताईंनी जे उद्गार काढले ते येथे छापता येणार नाहीत.

दोन्ही वास्तूंचे दैव फिरले ते एकाच हुकुमाने. १८३४ साली पोर्तुगालमधील उदारमतवादी सरकारने धर्मपंथांचे मठ बंद केले आणि १८३५ मध्ये गोव्यात त्याची अंमलबजावणी झाली. पुरुषांनी मठ सोडायचे. स्त्रियांनी मात्र राहायचे, पण नवी नन घ्यायची नाही. ऑगस्टिनी साधू गेले आणि समोरची प्रचंड वास्तू रिकामी पडली. कौले सरकली, पावसाळे आत उतरले आणि अवघ्या सात वर्षांनी, १८४२ साली, चर्चची कमान कोसळली. १९३१ मध्ये दर्शनी भिंत आणि मनोऱ्याचा अर्धा भाग गेला. १९३८ मध्ये आणखी काही पडले. चार मनोऱ्यांपैकी एकाचा अवशेष तेवढा आज दिसतो, तोही सुमारे ४६ मीटर उंच! त्यातील प्रचंड घंटा मात्र सुटली. ती आधी आग्वादच्या दीपगृहात गेली आणि १८७१ पासून पणजीच्या चर्चमध्ये आहे. चिमाजीअप्पांच्या १७३९ च्या वसई मोहिमेनंतर तिकडल्या चर्चांच्या घंटा आपल्या देवळांत आल्या, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आजही आहे. घंटेला मालक बदलला तरी चालतो, कोणी वाजविणारा असला म्हणजे झाले.

हैदराबादच्या वाचकांसाठी एक गोष्ट आडवाटेने सांगतो. १६२४ साली इराणात मारल्या गेलेल्या जॉर्जियाच्या केतेवान राणीच्या अस्थी ऑगस्टिनी साधूंनी या चर्चमध्ये आणल्या होत्या. पुढे उत्खननात सापडलेल्या एका अस्थीची ओळख पटविण्याचे काम हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेत झाले आणि २०२१ साली तो अवशेष भारताने जॉर्जियास भेट दिला.

आता रस्त्याच्या अलीकडे पाहा. सांता मोनिकात नना राहिल्या, परंतु प्रवेश बंद. भरभराटीत शंभरेक स्त्रियांचा हा मठ. त्यात दरवर्षी एखादे अंथरूण कमी होत गेले असेल, घंटेची दोरी ओढणारे हात म्हातारे होत गेले असतील. अखेरची नन १८८५ साली वारली. पन्नास वर्षे हा मठ हळूहळू विझत होता, पण त्या पन्नास वर्षांत त्यात कोणीतरी राहत होते. गळणारे कौल कोणाच्या तरी अंथरुणावर गळत होते, म्हणून ते बदलले जात होते. यात धर्मश्रद्धेचे श्रेय किती आणि ओल्या अंथरुणाचे किती, हे आम्ही ठरवीत नाही. पुढे पोर्तुगीज सैन्य आले, त्याने तेथे बराकी केल्या. सैन्याच्या वस्तीत चित्रे काढलेल्या भिंतींचे काय होते, ते सांगायला नको. तरी छप्पर राहिले. गोवामुक्तीनंतर, १९६४ पासून, तेथे ननांना धर्मशिक्षण देणारी मातेर देई संस्था आली. बाहेरच्या भिंतीला दिलेले भक्कम धिरे आजही आपले काम करीत आहेत.

मठाच्या चर्चचा एक भाग २००२ पासून ख्रिस्ती कला संग्रहालय झाला आहे. हे संग्रहालय मुळात १९९४ साली रायतूरच्या सेमिनरीत सुरू झाले होते. मधल्या मोठ्या दुरुस्तीनंतर ते २०२२ साली पुन्हा खुले झाले. चांदी, हस्तिदंत, लाकूड आणि जरीकाम अशी मांडणी आहे. यातील पुष्कळ काम येथल्याच कारागिरांचे, आणि त्यांत हिंदूही होते. सोळाव्या शतकातील धर्मपरिषदांनी हिंदूंकडून ख्रिस्ती प्रतिमा घडवून घेऊ नयेत, असे वारंवार बजावले. वारंवार बजावावे लागले, याचा अर्थ वाचकांनी करावा. गोव्याच्या हस्तिदंती बाल मेंढपाळाच्या मूर्तींत मिटलेले डोळे आणि गालाला लागलेला हात पाहिला की ध्यानस्थ बुद्धाची आठवण होते, असे अभ्यासक म्हणतात. आम्हांलाही झाली.

रायतूरचे नाव निघाले की मराठी माणसाचे लक्ष दुसरीकडे जाते. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण', सुमारे अकरा हजार ओव्यांचे, १६१६ साली रायतूर येथेच रोमन लिपीत छापले गेले. पुढे १६४९ आणि १६५४ मध्येही ते निघाले. या तिन्ही आवृत्त्यांची छापील प्रत आज उपलब्ध नाही. संभाजीमहाराजांच्या १६८३ च्या स्वारीने हादरलेल्या व्हाइसरॉय आल्व्होर याने पुढच्याच वर्षी देशी भाषांविरुद्ध हुकूम काढला. तरीही ग्रंथ उरला, तो हस्तलिखितांमुळे. गोवा सोडून कानडा मुलखात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी पोथ्या सोबत नेल्या, नकलल्या, घरोघर वाचल्या. त्या पोथ्यांवरूनच १९०७ साली मंगळुरात सालदान्हा यांनी आवृत्ती काढली. पोथी वाचली गेली म्हणून वाचली. मुलूख सोडून आलेल्या घराण्यांना यात नवल वाटू नये.

दुपारी बाहेर पायरीवर डबे उघडले. कोषाध्यक्ष वाडा पाडण्याच्या पक्षाचे प्रमुख. ते बराच वेळ समोरच्या मनोऱ्याकडे पाहत होते. मग म्हणाले, "बाई, तुम्ही आम्हांला इथे का आणले ते कळले. पण या लोकांच्या पाठीशी केवढाल्या संस्था आहेत, आपल्या पाठीशी काय आहे?"

बाई म्हणाल्या, "आपल्याकडे रोज साठ माणसे वर्तमानपत्र वाचायला येतात."

"त्यांच्या वर्गणीतून कौलेसुद्धा येणार नाहीत."

"नाही येणार," बाई म्हणाल्या. "पण गळते कुठे, ते तीच सांगतात."

कोषाध्यक्षांचे म्हणणे चुकीचे नव्हते आणि नाही. संग्रहालयास कलाप्रतिष्ठानांचे साहाय्य मिळते, आम्हांस अनुदानाचा हप्तासुद्धा वेळेवर येत नाही. गाळ्यांच्या भाड्यातून नवी पुस्तके येतील, हा हिशेबही खरा आहे. तरुण मंडळी नंतर मिरामारला गेली आणि आम्ही वयस्कर मंडळी गाडीत पेंगत परतलो.

फाल्गुनातील बैठकीत प्रस्ताव पुन्हा निघाला आणि पुन्हा पुढे ढकलला गेला. तथापि, कोषाध्यक्षांनी स्वतःहून एक ठराव मांडला आणि तो एकमताने संमत झाला. पावसाळ्यापूर्वी संपूर्ण वाड्याची शाकारणी करावी आणि संदर्भ विभागावरील कुजलेले वासे बदलावेत. वासे आले आहेत. सध्या ते चौकात पडले आहेत आणि सकाळी वर्तमानपत्र वाचायला येणारी मंडळी त्यांवर बसतात.