अनुक्रमणिका कोणाच्या सोयीची?

जुनं सॉफ्टवेअर मॅन्युअल हातात आलं की बहुतेक जण थेट मजकुराकडे वळतात. मी आधी अनुक्रमणिका वाचते. लेखकाच्या डोळ्यांसमोर कोणता वाचक होता ते तिथं चटकन कळतं, प्रस्तावनेत तो काहीही म्हणो.

युनिक्सचं पहिलं मॅन्युअल घ्या. बेल लॅब्जमधल्या केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांचं, तारीख 3 नोव्हेंबर 1971. विभाग असे: कमांड, सिस्टम कॉल, सबरूटीन, विशेष फायली, फायलींचे आराखडे वगैरे. प्रत्येक नोंदीत ठरलेली उपशीर्षकं, त्यात 'बग्ज' हेही एक! (आपल्याच प्रोग्रॅमचे दोष ठरावीक जागी छापायचे, हा प्रामाणिकपणा मला फार आवडतो.) ज्याला कमांडचं नाव ठाऊक आहे, त्याच्यासाठी ही मांडणी उत्तमच. पण त्याच वर्षाच्या उत्तरार्धात पेटंट विभागाचे तीन टंकलेखक याच यंत्रणेवर दिवसभर पेटंटचे अर्ज टाइप करत होते. अर्ज नीट मांडून छापायचा कसा, हा त्यांचा प्रश्न. त्याचं उत्तर 'रॉफ' या नावाखाली. आता हे नाव आधी कोणी सांगायचं?

म्हणजे विभाग यंत्राच्या रचनेप्रमाणे पाडलेले, आणि वाचक येतो काम घेऊन. 1980 च्या दशकात हा पेच संशोधनाचा विषय झाला. आयबीएमचं डिस्प्लेरायटर हे ऑफिसात टायपिंग करणाऱ्यांसाठीचं यंत्र. जॉन कॅरल आणि सहकाऱ्यांनी नवशिक्यांना ते शिकताना शेजारी बसून पाहिलं. लोक क्रमाने वाचतच नव्हते. पानं उलटायची, बटणं दाबायची, मध्येच भलतीकडे अडकायचं. आणि तिथून परत कसं यायचं ते पुस्तकात सापडत नव्हतं. शिकणाऱ्यांचं दुर्लक्ष, असं म्हणून हे सोडून देता आलं असतं. कॅरल यांनी दोष पुस्तकाकडे वळवला, आणि माझ्या मते इथंच खरं संशोधन सुरू झालं.

त्यांच्या 'मिनिमल मॅन्युअल'मध्ये प्रकरणं जेमतेम काही पानांची, शीर्षकं 'काहीतरी टाइप करणे' अशा साध्या कामांची. लांबलचक ओळख, सारांश सगळं काढून टाकलं. चूक झाली तर बाहेर पडायची वाट मात्र ठेवली. 1987 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत शिकायला सुमारे 40 टक्के कमी वेळ लागला.

इथं जरा थांबा. हा फायदा नक्की कशाचा? पुस्तक छोटं झालं म्हणून, शीर्षकं बदलली म्हणून, की चुकांवरचे उपाय दिले म्हणून? सगळं एकदम बदललं होतं ना! नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठात हान्स फान देर मेय आणि आर्ड लाझोंडर यांनी 1990 च्या दशकात हाच धागा उचलला. चुकांविषयीच्या सूचना असलेलं आणि नसलेलं, अशी दोन मॅन्युअल करून त्यांनी तो एकच घटक वेगळा तपासायला घेतला.