लवाद : सुप्याच्या दंग्यापासून कर्जाच्या कागदापर्यंत

मंडळी, ट्रॅक्टरच्या नाहीतर गाडीच्या कर्जावर आपण धडाधड सह्या करतो. त्या गठ्ठ्यात बहुतेक वेळा एक कलम असतं, वाद झाला तर निवाडा लवाद करील. लवाद म्हणजे खासगी न्यायाधीश. ही कल्पना आपल्याकडे नवी नाही.

12 मे 1875. आपल्या शेजारचं सुपे, तेव्हा भीमथडी तालुक्यातलं. बाजारच्या दिवशी लोकांनी सावकारांची दुकानं लुटली, जाळली. राग मुख्यतः खतांवर होता, माणसांवर कमी. कारण 1859 च्या मुदतीच्या कायद्यानं सावकार तीन वर्षांच्या आत खत नवं करून घ्यायचा आणि व्याज मुद्दलात घालायचा. मग कोर्टात दावा. कुळ हजरच नाही, की एकतर्फी हुकूमनामा!

यावर पुण्यात सार्वजनिक सभेनं 1876 च्या सुमारास लवाद कोर्ट काढलं. पुढाकार गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काकांचा. स्वतः वकील असून लोकांना कोर्टाची पायरी चढू नका म्हणणारा माणूस, हे मला फार विशेष वाटतं. या कोर्टाकडे ना बेलिफ ना शिपाई. दोन्ही बाजू राजीखुशीनं आल्या तरच काम चालायचं.

पुढं 1879 चा दख्खन शेतकरी कायदा आला. त्यात समेट करणारे नेमले. आधी त्यांच्याकडे जायचं. समेट फिसकटल्याचा दाखला मिळाल्याशिवाय दावा दाखल होत नसे. दहा रुपयांपर्यंतच्या पैशाच्या दाव्यांना गावमुन्सफ होता.

आता 1996 चा कायदा. लवादाच्या निवाड्याला कोर्टाच्या हुकूमनाम्याचं बळ आहे, त्यावरून जप्ती येऊ शकते. रीतसर नोटीस मिळूनही तुम्ही गेला नाहीत तर तो तुमच्या गैरहजेरीत निकाल देऊ शकतो. कोर्टात आव्हान द्यायला साधारण तीन महिने, तेही मोजक्याच कारणांवर. 'हिशोब चुकलाय' एवढ्यावर भागत नाही. म्हणजे 1875 चा एकतर्फी हुकूमनामा पुन्हा दारात, फक्त आता कोर्टाची पायरीही न चढता. आणि राजीखुशी? ती बारीक अक्षरात आधीच छापलेली.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. ज्याचा वादात स्वार्थ आहे त्यानं एकट्यानं लवाद नेमायचा नाही, असं सुप्रीम कोर्टानं 2019 मध्ये सांगितलंय. तेव्हा लवादाची नोटीस आली तर कपाटात टाकू नका. नेमणूक कोणी केली ते बघा, लगेच लेखी हरकत घ्या, पोच ठेवा आणि कागद वकिलाला दाखवा.