मंडईतला डफ

भाऊबीज झाली की भंडारा जिल्ह्यात मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू होतात. आज या गावची, उद्या शेजारची. बांध्यांत धान कापणीला आलेलं असतं, तरी लेकी-जावई येतात, सोयरिकी जुळतात. दिवसा चौकात दंडार नाहीतर खडी गंमत ही लोकनाट्यं, आणि रात्रभर नाटक.

आमचे आबाजी उमेदीच्या वयात साडी नेसून नाचत. बाईची सोंगं तेव्हा पुरुषच घेत. त्यांच्या सांगण्यात मंच कधी आलाच नाही. टेंभ्यांचा उजेड, गोल बसलेलं गाव, मधे शाहीर, ढोलकी, टाळ आणि डफ. तनसाच्या जाळावर डफ शेकायचा. "कातडा तापला का पाय थांबत नवते, बापू," असं म्हणताना म्हाताऱ्याची बोटं खाटेच्या पाटीवर चालू व्हायची. सोंगाड्या गावच्या जमीनदाराला, मालगुजाराला, त्याच्या समोर टोमणे मारी आणि मालगुजाराला हसावं लागे. १९५१ साली मालगुजारी गेली. तिच्यावरचे विनोद मात्र पुढे कितीतरी वर्षं चालले.

मग पेटी आली, पडदा आला, दंडारीतली माणसं नाटकात गेली. पुढे बायकाही रंगमंचावर आल्या. आबाजींच्या जोडीदारांना वाटलं, आता डफ संपला. मला हे पटत नाही, आणि त्याचं कारण फार दूरचं आहे.

त्रिनिदादमध्ये १८४५ पासून कलकत्त्याहून गिरमिटिये मजूर उसाच्या मळ्यांवर नेले गेले. त्यांच्याबरोबर ढोलक गेला. अशाच भारतीय वस्तीच्या लेंगुआ गावात वाढलेला लॉर्ड शॉर्टी हा कॅलिप्सो या तिथल्या लोकप्रिय गाण्याचा गायक. त्याने आपल्या गाण्यात ढोलक आणि धनताल ही वाद्यं घेतली. १९७३ चं 'इंद्राणी' हे त्यातलंच. कॅलिप्सो बिघडवला म्हणून लोक रागावले. तेव्हा त्याने ढोलक बाजूला ठेवला, पण त्याचा ठेका ड्रम आणि गिटारवर चढवला. १९७४ च्या 'एंडलेस व्हायब्रेशन्स'पासून हा नवा प्रकार, सोका, जगभर गेला. वाद्य उतरलं, चाल राहिली.

आमच्या भागाच्या, झाडीपट्टीच्या, नाटकात मला हेच ऐकू येतं. मंचासमोर ऑर्गन, तबला आणि आता ऑक्टोपॅड. नट माईकवर स्वतः गातात. पण विनोदी पात्र आलं की वाजवणाऱ्याचे हात खडी गंमतीच्या ठेक्यावर येतात, आणि मागे बसलेल्या म्हाताऱ्या पदर सावरून पुढे सरकतात.

साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी इथल्या झाडीबोलीवर आणि लोकरंगभूमीवर आयुष्यभर लिहिलं, म्हणून सोंगांची, गीतांची नोंद तरी उरली. ठेका कागदावर पुरता उतरत नाही. डफ शेकणारे हात अजून काही गावांत आहेत, सत्तरीपुढचे. येत्या मंडईत गावागावातल्या पोरांनी मोबाईल त्यांच्यासमोर धरावा, आणि नुसता नाच न टिपता डफावरची बोटं जवळून टिपावीत.