किहान्सी तुषारभेक

पूर्व आफ्रिकेतील टांझानियात, उडझुंग्वा पर्वतातल्या किहान्सी नदीच्या जंगलवेढ्या घळीत राहणारा अगदी लहान भेक. कुल ब्यूफोनिडी, शास्त्रीय नाव नेक्टोफ्रिनॉइडिस अ‍ॅस्पर्जिनिस. नर जेमतेम २ सेंमी., मादी ३ सेंमी.पर्यंत वाढते. रंग सोनेरी पिवळा, कुशीवर तपकिरी पट्टे. कानाचा पडदा बाहेरून दिसत नाही.

बहुतेक भेक पाण्यात अंड्यांच्या माळा सोडतात. या भेकाची मादी मात्र पिलांनाच जन्म देते. फलन आणि पुढची सारी वाढ तिच्या शरीरात होते, त्यामुळे पाण्यात पोहणारी भैकेरावस्था येतच नाही. गाभण मादीच्या पोटाची त्वचा इतकी पातळ असते की आतली पिले बाहेरून दिसतात. जन्मतः पिलू सुमारे ५ मिमी. लांब आणि काळसर असते. सोनेरी रंग पुढे येतो.

याचे नैसर्गिक घर जेमतेम २ हेक्टरांचे. धबधब्याच्या तुषारांनी बारमाही भिजलेल्या उतारांवरील शेवाळ, नेचे आणि गवत यांतच तो राहत असे. एवढ्याशा जागेत हजारोंनी नांदणारी ही जाती १९९६ मध्ये आढळली, तेव्हा जलविद्युत प्रकल्पाचे काम आधीच सुरू झाले होते. जाती आधी माहीत असती, तर तुषारांसाठी किती पाणी सोडायचे हे आराखड्यातच ठरवता आले असते. शास्त्रीय वर्णन १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि २००० मध्ये पाणी वळवण्यात आले. धबधब्याचा सुमारे ९० टक्के प्रवाह आटला, तुषार थांबले, उतार सुकू लागले.

उपाय म्हणून घळीत नळ टाकून कृत्रिम तुषार उडवण्यात आले. भेकांची संख्या सावरलीही; पण २००३ मध्ये ती काही महिन्यांत कोसळली. मेलेल्या भेकांत उभयचरांना ग्रासणारी कायट्रिड बुरशी आढळली. २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने ही जाती निसर्गातून नामशेष झाल्याचे जाहीर केले.

ती वाचली ती २००० च्या अखेरीस अमेरिकेत नेलेल्या सुमारे ५०० भेकांमुळे. त्यांतले पुष्कळ सुरुवातीलाच दगावले. तरी न्यूयॉर्कचे ब्राँक्स आणि ओहायोतील टोलेडो या प्राणिसंग्रहालयांनी चिकाटीने पैदास टिकवली. २०१० मध्ये १०० भेक दार-ए-सलाम विद्यापीठातील केंद्रात परत आले, आणि २०१२ पासून कृत्रिम तुषारांखालच्या मूळ घळीत भेक सोडण्यास सुरुवात झाली.