बॅकन शैलसमूहातील खनिज तेल

बॅकन हा उत्तर अमेरिकेतील विलिस्टन द्रोणीत, मुख्यतः नॉर्थ डकोटा व माँटॅना ही राज्ये आणि कॅनडातील सस्कॅचेवन यांच्या भूमीखाली पसरलेला शैलसमूह होय. त्याचे वय सु. ३६ कोटी वर्षे असून द्रोणीच्या मध्यभागी तो सु. ३ किमी. खोलीवर आढळतो. त्याचे शास्त्रीय वर्णन १९५३ मध्ये झाले. नाव मात्र तेथील एका शेतकऱ्याचे आहे.

शैलसमूहाचे तीन थर आहेत. वरचा व खालचा थर जैव पदार्थांनी समृद्ध अशा काळ्या शेलचे असून तेल त्यांत निर्माण झाले. मधला थर डोलोमाइटयुक्त व सूक्ष्मकणी वालुकाश्माचा आहे. त्याची पार्यता इतकी कमी की, साध्या उभ्या विहिरीत तेल पुरेसे वाहत येत नाही. १९५० नंतरच्या दशकात अँटिलोप क्षेत्रात उत्पादन झाले, ते अपनतीवर खडकाला निसर्गतःच तडे गेले होते म्हणून. १९८७ पासून वरच्या शेलमधून आडव्या विहिरी नेण्यात आल्या. त्यांचाही भरवसा अशा तड्यांवरच होता व ते न लागल्यास खर्च वाया जाई.

२००० मध्ये माँटॅनातील एल्म कूली क्षेत्रात दृष्टी मधल्या थराकडे वळली. त्यातून आडवी विहीर नेऊन उच्च दाबाच्या पाण्याने खडकात भेगा पाडण्यात आल्या. पाण्याबरोबर गेलेली वाळू त्या भेगा मिटू देत नाही. पुढे विहिरीचा आडवा भाग सु. ३ किमी. लांब झाला आणि त्याचे तीस किंवा अधिक कप्पे करून प्रत्येकात स्वतंत्रपणे भेगा पाडू लागले. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने मिळवता येण्याजोग्या, न सापडलेल्या तेलाचा अंदाज १९९५ मध्ये १५.१ कोटी पिंपे दिला होता. २००८ मध्ये तो ३६५ कोटींवर गेला. खडक तोच होता.

यावरून सारे श्रेय तंत्राला देणे मात्र चुकीचे ठरेल. २००६ मध्ये सापडलेल्या पार्शल क्षेत्रातील विहिरी विपुल निघाल्या, कारण तेथे खडकातील द्रवाचा दाब नेहमीपेक्षा जास्त होता. त्याच्याच पूर्वेस शेल पुरेसे तापलेले नसल्याने तेल फारसे तयार झालेले नाही व तितक्याच कप्प्यांची विहीर तेथे निराशा करते. शिवाय अधिक भेगांमुळे आरंभीचे उत्पादन वाढले, तरी पहिल्या वर्षातच ते बहुधा निम्म्याहून खाली येते. विहिरी फार जवळ घेतल्यास त्यांच्या भेगा एकमेकींना मिळतात व एकीचे तेल दुसरीत जाते. म्हणून पहिल्या काही महिन्यांच्या आकड्यांवरून क्षेत्राचे आयुष्य वर्तविणे धाडसाचे असते. नॉर्थ डकोटाचे दैनिक उत्पादन २०१९ मध्ये सु. १५ लाख पिंपांपर्यंत पोहोचले, तरी खडकातील बहुतांश तेल अजून जागच्या जागीच आहे.