बेसिलचे पोषक द्रावण

मातीविना वाढणाऱ्या बेसिलला मुळांवाटे सगळे अन्न पुरवणारे पाणी. बेसिल हे नाव पिझ्झ्याबरोबर आले, झाड मात्र ओळखीचे आहे: फालुद्यातला सब्जा हे याच जातीचे बी आणि अंगणातली तुळस तिची चुलतबहीण.

अशा द्रावणांचा पाया कॅलिफोर्नियातील होगलंड आणि अर्नन यांच्या १९३८ च्या पुस्तिकेत सापडतो. खानदेशालाही ही कल्पना नवी नाही. जळगावच्या जैन इरिगेशनने शेतकऱ्यांपर्यंत नेलेले ग्रँड नैन केळीचे ऊतिसंवर्धित रोप पहिले काही आठवडे प्रयोगशाळेच्या बाटलीतल्या खुराकावरच जगते.

भुसावळ, यावल, रावेरच्या केळीबागांत ठिबकमधून विद्राव्य खते सोडणे रोजचेच. तीच गोणी बेसिलच्या टाकीत ओतावी, असा मोह होतो, तो आवरावा. १९:१९:१९ या विद्राव्य खतातल्या नत्राचा मोठा भाग युरियाच्या रूपात असतो. मातीतले जिवाणू तो मोडून देतात, टाकीतल्या पाण्याला ती सोय नाही.

त्यापेक्षा १०० लिटर पाण्याला कॅल्शियम नायट्रेट ८० ग्रॅम, १३:०:४५ चाळीस ग्रॅम, ०:५२:३४ तेरा ग्रॅम आणि मॅग्नेशियम सल्फेट ४० ग्रॅम, असा हिशेब धरता येतो. त्यातून लिटरमागे सुमारे १७५ मिलिग्रॅम नत्र मिळते. चिलेटेड लोह आणि इतर सूक्ष्म अन्नद्रव्ये वेगळी द्यावी लागतात. कॅल्शियम नायट्रेटचे दाट द्रावण मात्र स्वतंत्र डब्यातच हवे. ते सल्फेट किंवा फॉस्फेटच्या दाट द्रावणाला भेटले, की तळाशी पांढरा गाळ बसतो आणि खताचे पैसे त्या गाळात जातात.

खरी परीक्षा पाण्याची. ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा थर धरणारे विहिरीचे वा बोअरचे पाणी मुळातच कॅल्शियम आणि बायकार्बोनेट घेऊन येते. त्यामुळे आधी पाणी तपासून तेवढे कॅल्शियम वजा करायचे, मग नायट्रिक किंवा फॉस्फोरिक आम्लाने सामू ५.५ ते ६.५ दरम्यान आणायचा. सामू वर गेला, की लोह द्रावणात असूनही झाडाला मिळत नाही. शेंड्याकडची कोवळी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, हे त्याचे लक्षण. हाच पिवळेपणा खालच्या जुन्या पानांवर दिसला, तर संशय मॅग्नेशियमवर.

दुसरा शत्रू ऊन. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना साडेसातच. भुसावळच्या ४५ अंशांच्या मे महिन्यात उघड्यावरची काळी टाकी म्हणजे मूळकुजीला आवतण. टाकी जमिनीत पुरणे, सावलीत ठेवणे आणि हवेचा पंप चालू ठेवणे हे उपाय खताच्या कोणत्याही सूत्राइतकेच मोलाचे. या दिवसांत झाड क्षारांपेक्षा पाणी जास्त पिते, म्हणून द्रावण आपोआप दाट होत जाते. एरवी १.६ पर्यंत चालणारा ईसी (क्षारांचा दाटपणा सांगणारी विद्युतवाहकता, मिलिसीमेन्स प्रति सेंमी) तेव्हा १.२ च्या आसपास ठेवतात आणि टाकीतली घट साध्या पाण्याने भरून काढतात.