अर्थशास्त्राची एम.ए. : कोलंबियापासून वऱ्हाडापर्यंत

आपल्या वस्तीत पोरगं बी.ए. झालं की घरात दोनच रस्त्यांची चर्चा होते. बी.एड. करायचं, नाहीतर भरतीला उभं राहायचं. एखाद्याने अर्थशास्त्र घेऊन एम.ए. करतो म्हटलं, की मोठी माणसं विचारतात, "थे शिकून का करशीन बापा? मास्तरच होशीन ना?" हा प्रश्न वेडगळ नाही. ज्या घरी मजुरीचा पैसा हप्त्याच्या बाजारातच संपतो, त्या घरी दोन वर्षे शिकणे म्हणजे दोन वर्षांची कमाई सोडणे. परंतु या विषयाचे आणि आपल्या समाजाचे नाते फार जुने आहे. ते नव्या पिढीला ठाऊक असावे म्हणून विहाराच्या या स्मरणिकेत आम्ही हा लेख लिहीत आहोत.

परमपूज्य बाबासाहेबांना आपण घटनेचे शिल्पकार म्हणतो, आणि ते खरेच आहे. पण त्यांची पहिली मोठी पदवी कायद्याची नव्हती. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन ते १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९१५ साली एम.ए. झाले. प्रमुख विषय अर्थशास्त्र. ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि तिचा जमाखर्च यावर त्यांनी प्रबंध लिहिला. तिथे त्यांनी घेतलेल्या अभ्यासक्रमांची यादी पाहिली तर अर्थशास्त्राचे २९ आणि इतिहासाचे ११ सापडतात. समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र वेगळे. आपला पोरगा एका पेपरला कंटाळतो, तेव्हा हा २९ चा आकडा त्याला सांगावा.

पुढे ते लंडनला गेले. पैसे संपले, शिष्यवृत्तीची मुदत संपली, १९१७ साली परत यावे लागले. १९१८ ते १९२० या काळात त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवले, म्हणजे 'मास्तर' तेही झालेच होते. शाहू महाराजांची मदत आणि स्वतःची शिल्लक घेऊन पुन्हा लंडन गाठले. १९२१ साली एम.एस्सी. आणि १९२३ साली डी.एस्सी. मिळवली. डी.एस्सी.चा प्रबंध रुपयाच्या प्रश्नावर होता. त्याला प्रस्तावना लिहिणारे प्रा. एडविन कॅनन यांना बाबासाहेबांची सगळी मते पटत नव्हती, तरी त्यांनी ती लिहिली. विद्वानांची रीत अशी असते.

भाषणांतून सरसकट सांगितले जाते की, त्या पुस्तकातूनच रिझर्व्ह बँक निघाली. आम्हाला वाटते, बाबासाहेबांचा मान राखायचा तर नेमके सांगावे. चलनाच्या चौकशीसाठी १९२५ साली नेमलेल्या हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. त्या आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली, १९३४ साली कायदा झाला आणि १ एप्रिल १९३५ रोजी बँक सुरू झाली. बाबासाहेबांचे म्हणणे असे की, सरकारला हवा तेवढा रुपया काढता येऊ नये. रुपया घसरला की बाजारात भाव वाढतात, पण मजुराची मजुरी त्या वेगाने वाढत नाही. निर्यात करणाऱ्या व्यापाऱ्याचा जो फायदा दिसतो, तो मजुराच्या ताटातून गेलेला असतो. बाजारातून तेल-डाळ आणणाऱ्या आयाबहिणींना यात समजावून सांगण्यासारखे काही नाही. त्या हे रोजच भोगतात.

वऱ्हाडासाठी मात्र त्यांचा १९१८ सालचा लहान शेतांवरचा निबंध अधिक महत्त्वाचा. शेत लहान म्हणून तोट्यात जाते, असे तेव्हाचे तज्ज्ञ म्हणत. बाबासाहेबांनी विचारले, लहान कशाच्या मानाने? शेताची लांबीरुंदी एकटी काही सांगत नाही. बैल, अवजार, भांडवल किती आहे यावर ते ठरते. जमिनीवर माणसांचा भार फार, त्यांतले कितीतरी हात रिकामे. त्यांना काम मिळायचे तर कारखाने हवेत. आमच्या भागात कापूस भरपूर पिकला, जिनिंग-प्रेसिंग निघाल्या, बडनेऱ्याला आणि अकोल्याला कापडगिरण्या आल्या आणि आपले कितीतरी लोक तिथे कामाला लागले. पुढे गिरण्या बंद पडल्या आणि ते हात पुन्हा रिकामे झाले. निबंध अमरावतीत बसून लिहिल्यासारखा वाटतो.

बाबासाहेबांनंतर या वाटेने कोण गेले? त्यांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज, १९५० साली औरंगाबादला पुढे मिलिंद म्हणून नावारूपाला आलेले कॉलेज. आपल्या वऱ्हाडातली पोरं पत्र्याची पेटी घेऊन औरंगाबादला जायची, ती या मिलिंदसाठी. डॉ. सुखदेव थोरात त्यांतलेच. जन्म १९४९, गाव अमरावती जिल्ह्यातले महिमापूर, जिथली सात मजली विहीर पाहायला लोक येतात. मिलिंदमधून बी.ए., मराठवाडा विद्यापीठातून अर्थशास्त्रात एम.ए., दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातून पीएच.डी. आणि तिथेच प्राध्यापक. २००६ ते २०११ या काळात ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. डॉ. नरेंद्र जाधव मुंबईच्या गोदी कामगाराचे पुत्र, रिझर्व्ह बँकेत प्रमुख अर्थतज्ज्ञ झाले. कोकणातले डॉ. भालचंद्र मुणगेकर मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. पुढे हे दोघेही नियोजन आयोगाचे सदस्य होते. तिघांनीही सुरुवात याच एम.ए. पासून केली, ज्याला आपण 'मास्तरकी' म्हणतो.

मग आपल्या वस्त्यांमधून अशी माणसे फार का निघाली नाहीत? पोट्ट्यांत अक्कल नव्हती, असं कोणी म्हणू नये. दार बंद होतं. १९५६ साली आपण धम्म घेतला आणि केंद्र सरकारच्या कागदावर आपण अनुसूचित जातीतून बाहेर पडलो. महाराष्ट्र राज्य झाल्यावर राज्याने बौद्धांना सवलती दिल्या, त्यामुळे शाळा-कॉलेज आणि राज्याची नोकरी आवाक्यात आली. पण १९६१ साली निघालेली भारतीय अर्थसेवा केंद्राची, रिझर्व्ह बँक केंद्राची, १९६९ साली राष्ट्रीयीकृत झालेल्या १४ बँकाही केंद्राच्या अखत्यारीतल्या. अर्थशास्त्र शिकलेल्याला जिथे खास जागा होती, नेमके तिथेच बौद्ध म्हणून अर्ज करणाऱ्याला राखीव जागा नव्हती. कित्येकांनी दाखल्यावर जुनी जात लिहून नोकरी धरली आणि घरी बुद्धवंदना म्हटली. कित्येकांनी लिहिली नाही आणि संधी सोडली. दोघांपैकी कोणालाही आम्ही नावे ठेवणार नाही. १९९० साली संसदेने कायदा बदलला तेव्हा ही कोंडी सुटली. म्हणजे एका पिढीहून अधिक, चौतीस वर्षे गेली.

आणि लगेच १९९१ साली नवे आर्थिक धोरण आले. हळूहळू बँकांत संगणक आले, २००० च्या सुमारास सरकारी बँकांनी कर्मचाऱ्यांना स्वेच्छानिवृत्ती देऊन घरी पाठवले. कॉलेजांतही तेच. १९८३ साली अमरावतीला विद्यापीठ झाले, तोवर आपली पदवी नागपूरची असे. विद्यापीठ जवळ आले, पण प्राध्यापकीसाठी नेट-सेट आली. आता नेट झालेलीही कितीतरी मुले तासिका तत्त्वावर शिकवतात. तासाला इतके, सुट्टीत काहीच नाही. आमच्यातल्या एकाने अशी कितीतरी वर्षे काढली. त्या संस्थेचे नाव इथे नको.

म्हणूनच नुसती एम.ए. करून भागत नाही, त्यात कशात विशेष अभ्यास केला हे आता पाहिले जाते. आपली मुले पर्यायी पेपर निवडताना गणित, संख्याशास्त्र आणि अर्थमिती टाळतात, सोपे पेपर घेतात. नोकरी मात्र त्या टाळलेल्या पेपरांतच आहे. भारतीय अर्थसेवेची परीक्षा लोकसेवा आयोग घेतो, तिला अर्थशास्त्राची पदव्युत्तर पदवी लागते, आणि तिचे पेपर इंग्रजीतूनच सोडवावे लागतात. मराठीतून एम.ए. केलेल्याला हे आधी कोणी सांगत नाही, फॉर्म भरताना कळते. रिझर्व्ह बँकेत आर्थिक संशोधनाच्या विभागाची भरती वेगळी असते. नाबार्ड आहे, १९८२ साली स्थापन झालेली, जिचे सगळे काम शेती आणि खेड्याशीच. राज्याचे अर्थ व सांख्यिकी संचालनालय आहे, त्याची कार्यालये जिल्ह्याजिल्ह्यात आहेत. ज्याने कृषी पदवी घेतली, त्याला अकोल्याच्या कृषी विद्यापीठात कृषी अर्थशास्त्रात एम.एस्सी. करता येते, आणि कापसाच्या प्रदेशात त्याहून कामाचा विषय आम्हाला दुसरा दिसत नाही. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले, त्यात अमरावती आणि अकोला होते. ज्याचे बँकेत खाते त्याचे व्याज माफ झाले. ज्याला जमीनच नाही, ज्याचे कर्ज किराणा दुकानाच्या वहीत, त्याचा हिशेब कोणत्या रकान्यात मांडायचा? हे विचारणारा माणूस आकडे जाणणारा हवा.

आकड्यांनी काय होते, याचा एक दाखला. डॉ. थोरात आणि अमेरिकेचे प्रा. पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. वर्तमानपत्रातल्या ५४८ जाहिरातींना ४८०८ अर्ज पाठवले. शिक्षण सारखे, लायकी सारखी, फरक फक्त नावाचा. उच्चवर्णीय आडनावाच्या उमेदवाराच्या तुलनेत दलित आडनावाच्या उमेदवाराला बोलावणे येण्याची शक्यता साधारण दोन-तृतीयांश निघाली, मुस्लिम नावाच्या उमेदवाराची एक-तृतीयांश. खाजगी कंपनीत जात पाहत नाहीत, असे म्हणणाऱ्यांना आपण आजवर अनुभव सांगत होतो आणि ते हसत होते. या अभ्यासानंतर त्यांना आकडेवारीला उत्तर द्यावे लागले. हे काम ज्याने केले, तो महिमापूरचा.

यंदा ज्यांच्या घरी बी.ए.चा निकाल लागेल, त्यांनी प्रवेश घेण्याआधी कॉलेजात जाऊन दोन गोष्टी विचाराव्यात : अर्थमिती आणि संख्याशास्त्र शिकवणारे कोणी आहे का, आणि इंग्रजी पुस्तके ग्रंथालयातून घरी नेता येतात का.